एकही चूक नसलेला वॉर्ड

बायकांच्या शस्त्रक्रिया वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरला सगळे ‘मोठ्या बाई’ म्हणत आणि त्यांच्या खालोखाल असलेल्या सिस्टरला ‘धाकट्या बाई’. प्रत्यक्षात धाकट्या बाई वयाने मोठ्या होत्या, नोकरीतही जुन्या. पण बढतीच्या मुलाखतीत त्या प्रत्येक प्रश्नावर आधी विचार करत बसल्या, आणि दुसऱ्या बाई तोफेसारख्या सुटल्या. मुलाखत घेणाऱ्या साहेबलोकांना तोफ आवडली. त्यांना काय, त्यांना थोडंच त्या वॉर्डात काम करायचं होतं.

ती तोफ आतून किती घाबरलेली आहे हे मात्र कुणालाच कळलं नाही. कालपर्यंत ज्यांच्याबरोबर एका डब्यात जेवलो, एकाच कपाटात पिशव्या कोंबल्या, त्याच बायकांना उद्यापासून ड्यूटी लावून द्यायची, उशीर झाला तर बोलायचं, रजा नाकारायची, या विचाराने मोठ्या बाईंची झोप उडाली होती. आपण जरा हसलो तर या डोक्यावर बसतील. जरा ढिलं सोडलं तर एखादी पेशंट हकनाक जाईल, आणि मग सगळे म्हणतील, बघा, उगीच हिला वर चढवली. म्हणून पहिल्या सकाळी त्यांनी कपाळाला ज्या आठ्या घातल्या, त्या पुढे उतरवल्याच नाहीत. बाई लांबून दिसल्या की दारापाशी कुणीतरी खोकायचं आणि वॉर्डभर सगळं चिडीचूप व्हायचं. हे खोकणं ठरवून असतं, एवढं बाईंना कधी सुचलं नाही. त्यांना वाटायचं, या पोरींचे घसेच नाजूक.

कामात मात्र बाईंना तोड नव्हती. बाराच्या ठिकाणी सात नर्सेस, त्यातलीही एखादी मेट्रनने दुसऱ्या वॉर्डात पळवलेली, डॉक्टर ओरडणार, नातेवाईक गळ्याशी येणार, तरी बाईंच्या वॉर्डात सलाईन कधी संपून कोरडं राहिलं नाही. त्यांचा सगळ्यात लाडका नियम नावाचा. औषध द्यायच्या आधी पेशंटला तिचं नाव विचारायचं. आपणच नाव घेऊन “तुम्हीच ना?” म्हणायचं नाही, कारण गुंगीतली बाई कुठल्याही नावाला हो म्हणते. तिच्या तोंडून नाव वदवून घ्यायचं, हातातल्या सुईवरच्या चिठ्ठीशी ताडायचं, मगच टोचायचं. रोज येणारी, ओळखीची पेशंट असली तरी विचारायचंच. या नियमात बाई तसूभर सूट देत नसत.

चुकीलाही सूट नव्हती. मागे एकदा एका नर्सने संध्याकाळची गोळी भलत्याच पेशंटला दिली होती. कुणाला काही झालं नाही. ती नर्स स्वतःहून बाईंकडे आली, रडत रडत सगळं सांगितलं. बाईंनी तिला वॉर्डाच्या मधोमध उभी केली आणि पेशंट, नातेवाईक, झाडूवाली, सगळ्यांच्या देखत अशी सोलून काढली की शेवटी एक पेशंटच म्हणाली, जाऊ द्या आता. वर मेमो काढला. पोरगी कंत्राटी होती, तिचं कंत्राट पुढे वाढलं नाही. त्या दिवसानंतर बाईंच्या कानावर वॉर्डातली एकही चूक आली नाही. मेट्रनने सगळ्या इन्चार्जांच्या बैठकीत या वॉर्डाचं उदाहरण दिलं. एवढ्या मोठ्या वॉर्डात वर्षानुवर्षं एकही चूक होत नाही हे ऐकून खरं तर कुणाच्याही काळजात धस्स व्हायला हवं होतं. बाईंची मात्र मान ताठ झाली.

घरी येऊनही त्यांचा जीव तिकडेच टांगलेला असायचा. जेवताना मध्येच उठून वॉर्डात फोन, सुट्टीच्या दिवशी सकाळीच फोन, मुलीच्या शाळेच्या नाटकात अंधारात बसून फोन. नवरा चित्रकलेचा शिक्षक, शांत माणूस. तो म्हणायचा, “तुझ्या नुसत्या चपला घरी येतात, तू येतच नाहीस.” सासूबाई त्याच्याही पुढे जाऊन म्हणायच्या की सुनेला भेटायचं तर आता आजारीच पडावं लागेल. बाई हसायच्या आणि छातीत होणारी धडधड पदराआड ठेवायच्या. धडधड, हाताला घाम, घशाला कोरड, हे सगळं त्यांच्या इतक्या सवयीचं झालं होतं की ते काही असतं हेच त्या विसरल्या होत्या.

शेवटी आजारी त्याच पडल्या. पित्ताशयात खडे होतेच, पण ऑपरेशनला रजा घ्यायची म्हणजे वॉर्ड धाकट्या बाईंवर सोडायचा, आणि धाकट्या बाई म्हणजे कुणाला मोठ्याने हाक मारतानाही संकोचणाऱ्या. म्हणून बाई दुखणं अंगावर काढत राहिल्या. एके सकाळी राउंडच्या मध्यात पोटात अशी कळ आली की त्या खाटेचा दांडा धरून खालीच बसल्या. सर्जनने त्यांना विचारलंही नाही, थेट ऑपरेशनला घेतलं. खडे इतके चिकटले होते की पोट उघडावं लागलं. आणि बायकांचा शस्त्रक्रिया वॉर्ड रुग्णालयात एकच, त्यामुळे मोठ्या बाई स्वतःच्याच वॉर्डात, कोपऱ्यातल्या खाटेवर, रुग्णालयाचा ढगळ हिरवा झगा घालून येऊन पडल्या.

पहिल्याच दिवशी एक नर्स इंजेक्शन घेऊन आली, खाटेशी अदबीने उभी राहिली आणि नियमाप्रमाणे म्हणाली, “बाई, तुमचं नाव सांगता का?” बाईंना शुद्ध येऊन फार वेळ झाला नव्हता, पोट दुखत होतं, घशातली नळी नुकतीच निघाली होती. पण आठ्या जागच्या जागी होत्या. “माझं नाव विसरलीस का गं?” त्या म्हणाल्या. दोघी-तिघी कसनुशा हसल्या. ती पोर कानाच्या पाळीपर्यंत लाल झाली. पुढच्या पाळीत ही गोष्ट सगळ्यांना कळली आणि त्यानंतर मोठ्या बाईंना कुणीही नाव विचारलं नाही. बाईंच्या ते ध्यानात आलं होतं, नाही असं नाही. इतर कुणाच्या बाबतीत असं दिसलं असतं तर त्यांनी वॉर्ड डोक्यावर घेतला असता. इथे मात्र त्यांना ते मनातून बरं वाटलं.

शेजारच्या खाटेवर एक आजी होत्या. पायाची जखम, साखरेचा जुना आजार, जेवणाआधी रोज इन्सुलिन. त्या नुकत्याच दाखल झालेल्या, त्यामुळे शेजारीण कोण आहे याची त्यांना कल्पना नव्हती. त्यांनी आपणहून माहिती पुरवली की वॉर्ड चांगला आहे, पोरी मायाळू आहेत. इथली मोठी बाई म्हणे भलती खाष्ट आहे, पण आपलं नशीब चांगलं, ती सध्या रजेवर आहे, म्हणून तर पोरी हसून खेळून काम करतायत. बाईंनी भिंतीकडे तोंड केलं. खरंच हसण्याचा आवाज येत होता, हळू, पण येत होता. आणि कामही अडत नव्हतं. याचा आनंद व्हायला हवा होता. बाईंना उलट धास्ती वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी इन्चार्जांची बैठक होती. मोठ्या बाई खाटेवर, म्हणून धाकट्या बाईंना जावं लागलं. एक नर्स आजारी, एक मेट्रनने अतिदक्षता विभागात नेलेली. सगळा कोपरा एकट्या भिंगरीवर पडला. भिंगरी म्हणजे वॉर्डातली सगळ्यात चपळ नर्स, हे नाव तिला तिच्या चालण्यावरून पडलेलं. कामाला वाघ, पण कंत्राटी. बाईंना रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दंडात एक बारीकसं इंजेक्शन असायचं, तसंच बारीक आजींचं इन्सुलिन. भिंगरी एका ट्रेमध्ये दोन्ही घेऊन आली. तेवढ्यात समोरच्या खाटेवर कुणाचा तरी नातेवाईक बुटासकट ऐसपैस बसला, बाईंचे डोळे तिकडे वटारले गेले, आणि सुई कधी टोचली, काय टोचली, हे त्यांनी पाहिलंच नाही. भिंगरीने नाव विचारलं नव्हतं. त्या सुईवरची चिठ्ठीही बाईंनी वाचली नव्हती.

थोड्या वेळाने बाईंना घाम फुटला. हाताला कंप आला, छाती धडधडायला लागली, जिभेला कोरड पडली. त्या स्वतःवरच चिडल्या. म्हटलं, आलं नेहमीचं, पडल्यापडल्याही वॉर्डाची काळजी सुटत नाही. डोळे मिटून त्यांनी श्वास मोजायचा प्रयत्न केला. पण भूक लागली, आणि ती साधी नव्हती, पोटात खड्डा पडल्यासारखी. ऑपरेशननंतर तोंडात पाण्याचा थेंब नाही, पोट शिवलेलं, आणि ही राक्षसासारखी भूक कुठून आली? छताच्या पंख्याची पाती एकात एक मिसळायला लागली.

त्यांनी डोळे उघडले तर खाटेशी भिंगरी उभी. बरं वाटतंय ना, तिने विचारलं. गेली. लगेच परत आली, सलाईनची नळी उगीच हाताळली, पुन्हा तेच विचारलं. वॉर्डाच्या दाराकडे बघून आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा बाईंनी तिचा चेहरा नीट पाहिला. हा चेहरा त्यांच्या ओळखीचा होता. त्या मेमोच्या दिवशी वॉर्डाच्या मधोमध उभ्या केलेल्या पोरीच्या तोंडावर जी भीती होती, तीच इथे होती. आणि मग घाम, कंप, भूक, सगळं एका क्षणात जागेवर बसलं. ही काळजी नव्हती. साखर उतरत होती. शेजारच्या आजींचं इन्सुलिन आपल्या अंगात गेलं होतं.

आता बाई खरोखर घाबरल्या. कुठलं इन्सुलिन, किती दिलं, कधी दिलं, हे कळल्याशिवाय पुढे किती वेळ लक्ष ठेवायचं ते कळणार नव्हतं. बोलायला जीभ अजून वळत होती, पण किती वेळ वळेल याचा भरवसा नव्हता. त्यांनी होता नव्हता तेवढा जोर एकवटला आणि जो आवाज निघाला तो नेहमीचाच, दरडावणीचा निघाला.

“काय दिलंस मला?”

“काही नाही, बाई,” भिंगरी म्हणाली. “तुमचं रोजचंच.”

तिचे ओठ पांढरे पडले होते. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाचं ते खोटं होतं. ही पोर वाईट नव्हती, कामचुकार नव्हती. बाईंना आयुष्यात पहिल्यांदा स्वच्छ दिसलं की ही आपल्यासमोर खरं बोलू शकत नाही, आणि ते आपणच तिला शिकवलंय. आणखी ओरडलो तर ती आणखी घट्ट मिटणार, आणि तिच्या मिटलेल्या तोंडापायी आपण इथे, आपल्याच वॉर्डात, भरदिवसा, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत जाणार. मुलीचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि धड टिकेना. त्यांनी चाचपडत भिंगरीचा हात धरला. तो हात त्यांच्या हातापेक्षा गार होता.

“मला फार भीती वाटतेय गं,” मोठ्या बाई म्हणाल्या. “मी कुणाला काही बोलणार नाही. मला वाचव.”

भिंगरीचा बांध फुटला. तिने एका दमात सांगितलं. आजींचं इंजेक्शन बाईंना गेलं होतं. जेवणाआधीचं, लवकर चढणारं इन्सुलिन, आजींचा दुपारचा पूर्ण डोस. आजींपाशी जाऊन तिने नियमाप्रमाणे नाव विचारलं, आजींनी सांगितलं, हातातल्या सुईवरची चिठ्ठी पाहिली तर तिच्यावर बाईंचं नाव. तेव्हापासून ती धाकट्या बाईंची वाट बघत होती, त्यांना फोन केला तर बैठकीत फोन बंद. हे सगळं सांगतानाच तिचे हात भराभर चालू लागले होते. बोटाला सुई, यंत्रावर आकडा, आकडा बघून तिच्या घशातून निघालेला आवाज, ग्लुकोजचं भलंमोठं इंजेक्शन, सलाईनच्या नळीतून सरळ आत, डॉक्टरला हाक. भिंगरी खरोखर भिंगरीसारखी फिरत होती. पंख्याची पाती हळूहळू वेगळी झाली. बाईंना आधी आजींचा आवाज ऐकू आला, त्या कुणाला तरी म्हणत होत्या की या पोरीला जरा पाणी द्या.

धाकट्या बाई बैठकीतून आल्या तेव्हा दम लागलेला. त्या खाटेच्या कडेला बसल्या, बाईंचं कपाळ पुसलं. बाईंनी त्यांना एकच विचारलं. ही तुमची वाट का बघत होती?

धाकट्या बाईंनी नेहमीप्रमाणे आधी विचार केला. मग सांगितलं. पोरी त्यांनाच सांगतात. चुकलेली गोळी, उशिरा दिलेलं औषध, निसटलेली नळी. त्या डॉक्टरला गाठतात, पेशंटकडे बघतात, निस्तरतात, आणि मोठ्या बाईंपर्यंत काही जाऊ देत नाहीत. किती वर्षं, असं बाईंनी विचारलं नाही. मेट्रनने ज्या वॉर्डाचं कौतुक केलं तो वॉर्ड दुसऱ्याच कुणीतरी सांभाळला होता. लाज वाटली, राग आला, पुन्हा लाज वाटली. आणि सगळ्यात जास्त भीती वाटली ती मागच्या इतक्या दिवसांची, जे नुसत्या नशिबावर निभावले होते.

संध्याकाळी मेट्रन आल्या. या वॉर्डात असं कधी झालं नव्हतं, असं म्हणाल्या आणि नर्स कोण ते विचारलं. कंत्राटी आहे हे कळल्यावर त्यांना प्रश्न सुटल्यासारखाच वाटला. बाईंनी उशी पाठीशी घेऊन उठून बसायचा प्रयत्न केला. टाके ओढले गेले.

“असं रोज होत होतं,” त्या म्हणाल्या. “मला कुणी सांगत नव्हतं. आणि मला नाव विचारायचं नाही, हे मीच शिकवलंय पोरींना. तिला काढायचं असेल तर आधी माझा राजीनामा घ्या.”

मेट्रनला हे मुळीच आवडलं नाही. पण इन्चार्ज मिळणं नर्स मिळण्याहून अवघड, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. प्रकरण चौकशीवर गेलं. भिंगरी तूर्त राहिली.

बाई कामावर परतल्या त्या हलक्या होऊन नव्हे, जास्तच धास्तावून. पहिल्याच दिवशी सगळ्यांना गोळा करून त्यांनी सांगितलं की चूक झाली तर मला सांगा, मी ओरडणार नाही. पोरींनी माना डोलावल्या आणि एकीचाही चेहरा म्हणाला नाही की हे खरं वाटलं. त्यांचं तरी काय चुकलं. इतक्या वर्षांच्या आठ्या एका भाषणाने थोड्याच पुसल्या जातात. बाई रोज टेबलाशी बसून राहायच्या. दिवस संपायचा, कुणी काही सांगायला यायचं नाही. पूर्वी ज्या शांततेवर त्या मिरवत होत्या, तीच आता त्यांना खायला उठायची. कधी चादरींच्या खोलीपाशी एखादी पोर धाकट्या बाईंच्या कानाशी लागलेली दिसायची. बाईंना धावत जाऊन विचारावंसं वाटायचं, काय झालं, कोण पेशंट. त्या खुर्चीचे हात घट्ट धरून बसायच्या. घरून वॉर्डात फोन करणं काही सुटलं नाही. नवरा म्हणाला, आता चपलाही येईनाशा झाल्या.

अशाच एका सकाळी धाकट्या बाई टेबलापाशी आल्या. हातात काही नव्हतं. नेहमी आधी विचार करून बोलणारी ही बाई त्या दिवशी विचार न करताच बोलली.

“माझ्या हातून झालंय. दोन पेशंटच्या रक्ताच्या नळ्यांवर मी अदलाबदल चिठ्ठ्या लावल्या. नळ्या रक्तपेढीत गेल्यात. एकीचं आत्ताच ऑपरेशन आहे, तिला भलत्याच गटाचं रक्त चढेल.”

सगळे जुने शब्द तयार होऊन मोठ्या बाईंच्या ओठांवर आले, धारदार, पाठ असलेले. इतरांच्या चुका निस्तरणाऱ्या तुम्ही, आणि तुम्हीच? वॉर्डातल्या सगळ्या पोरी हातातलं काम थांबवून इकडे बघत होत्या. भिंगरीसुद्धा. बाईंनी पायाने स्टूल पुढे ओढलं आणि म्हणाल्या, बसा. मग रक्तपेढीला फोन लावला. पलीकडून कुणी उचलेपर्यंत त्यांच्या छातीत जे चाललं होतं ते त्यांनी लपवलं नाही. उचलला. रक्ताची पिशवी अजून निघाली नव्हती. बाईंनी दोन्ही नळ्या टाकून द्यायला सांगितलं, ऑपरेशन थांबवायला निरोप धाडला, आणि दोघी पेशंटना नाव विचारून नवीन रक्त घ्यायला दोन पोरींना पिटाळलं.

रिसीव्हर खाली ठेवून त्या वळल्या. धाकट्या बाई स्टुलावर बसून हुंदके देत होत्या, तोंड दोन्ही हातांनी झाकून.

“सगळ्याजणी मला सांगतात,” त्या म्हणाल्या. “मी कुणाला सांगायचं, तेच इतकी वर्षं कळत नव्हतं.”

मोठ्या बाईंनी आपली खुर्ची टेबलाच्या या बाजूला आणली आणि त्यांच्या शेजारी बसल्या.